उजवी पाकळी

आमच्या मुळगावच्या डोंगरातली लोखंडाची तांबडी माती चीनला जाते, हे आम्हा भावंडांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक होतं. ट्रकांतून नदीवर, तिथून बार्जीत, मग मोठ्या बोटीत. खेळून आलो की आई म्हणायची, ‘‘इली बघा चीनाक जावची माती, माझ्याच घरात!’’ आणि आम्हाला विहिरीवर पिटाळायची.

बाबा तेव्हा गावचे पंच होते. एका पावसाळ्यात खाणीचा गाळ वाहून शेतांत शिरला. बाबा शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकलं. देवळाच्या मंडपात बैठक भरली होती. ज्यांच्या घरच्या लग्नांत बाबांनी पंगती वाढल्या, त्यांनीच काढण्यासाठी हात वर केले. बाबा घरी आले, पाय धुतले, जेवले. त्यानंतर आमच्याकडे कुणी त्या पक्षाचं नाव काढलं की ते उठून परसात जायचे.

आणि गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला त्याच पक्षाने जिल्हा पंचायतीची उमेदवारी देऊ केली.

मला पेडण्याला दिलेली. तिथेच हायर सेकंडरीत मी राज्यशास्त्र शिकवते. माझी जीभ लांब आहे हे सासर-माहेर दोन्हीकडे मान्य, म्हणून भावाने मलाच बोलावून घेतलं. ‘‘ताई, बाबा नाय म्हणत नाय आणि हय पण म्हणत नाय. तुझाच आयकतले. ते नाय म्हणाले तर मी उभो रवचंय नाय.’’ त्याला लोकांची कामं करायची खरी हौस आहे. कुणाला रक्त हवं असो की कुणाच्या नळाला पाणी नसो, हा धावणार. तो निवडून यावा असं मला मनापासून वाटत होतं.

जेवणं झाल्यावर मी बाबांना एक गोष्ट सांगितली. वर्गात शिकवते तीच. चीनच्या आजच्या सर्वांत मोठ्या नेत्याची.

त्याचा बाप क्रांतीतला जुना सैनिक, पुढे सरकारातला बडा माणूस. एका कादंबरीचं निमित्त झालं, त्यात पक्षविरोध दिसला म्हणे, आणि बाप खाली आला. पुढे तुरुंगही झाला. मुलगा वाढला तो पक्षद्रोह्याचा मुलगा म्हणून. देशभर पक्षद्रोह्यांची धरपकड चालली, त्या धामधुमीत त्याची एक बहीण जिवानिशी गेली. त्याला कोवळ्या वयात दूर एका खेड्यात धाडलं. तिथे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या घरांत लोक राहतात, तिथे तो राहिला, शेण-खत वाहिलं. आणि तरीही ज्या पक्षाने बापाला मातीत लोळवलं, त्याच पक्षात घ्या म्हणून अर्ज करत राहिला. नाकारला की पुन्हा. शेवटी घेतलं. मग एक तालुका, एक शहर, एकेक प्रांत करत तो पार वरच्या खुर्चीवर पोचला.

‘‘तो रागावून बाहेर राहिला असता, तर काय झालं असतं?’’ मी वर्गात विचारते तसं विचारलं.

बाबा सुपारी कातरत होते. ‘‘आणि बापूस?’’

‘‘सुटला. मान परत मिळाला. मोठी पदं मिळाली.’’

‘‘ता नाय विचारणय. झील मोठो झालो, तेव्हा बापूस खय होतो?’’

आता बाबांशी खोटं बोलणं मला जमत नाही. मी सांगितलं की मुलाला त्या शेवटच्या खुर्चीवर बघायला तो जगला नाही. बापाच्या म्हातारपणी एका वाढदिवसाला सगळं घर जमलं होतं, पण मुलगा तेव्हा प्रांताचा कारभार बघत होता. कामामुळे त्याला येता आलं नाही.

बाबांनी अडकित्ता बाजूला ठेवला. ‘‘फाल्यां कौल लावया,’’ म्हणाले आणि झोपायला गेले. वाढदिवसाचं ते वाक्य मी गाळलं असतं तर, असं मला वाटून गेलं. पण म्हातारा ते काढून घेतल्याशिवाय राहिला नसता.

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवाचा कौल घेतात. गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा प्रश्न घातला की पाकळी पडेपर्यंत कुणी उठत नाही. मुहूर्त टळले आहेत, पण माणसं बसून राहिली आहेत.

सकाळी आम्ही तिघं देवळात बसलो. बाहेर भावाच्या लोकांच्या गाड्या उभ्या होत्या. अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस. गुरव देवाला आमचं गाऱ्हाणं घालणार, एवढ्यात बाबांनी त्याला थांबवलं आणि स्वतःच हात जोडले.

‘‘देवा, माझो झील जाता. माका पक्षाचो राग आसा की झील अंतरतलो ह्या भय आसा, ता माकाच कळना नाय. राग आसात तर उजवी दी, मी सोडतंय. भय खरा आसात तर डावी दी.’’

भावाने मान खाली घातली. आम्ही बघत बसलो. पाकळ्या जागच्या हलेनात. भावाच्या खिशात फोन थरथरायचा, थांबायचा, पुन्हा थरथरायचा. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबला.

‘‘बाबा, वेळ टळता,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘देवाक सगळा कळता.’’ त्याने नमस्कार केला, बाबांच्या पायांना हात लावला आणि उठून गेला. गाड्यांची दारं बंद झाली. बाबांनी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर किती वेळ गेला कोण जाणे. उजवी पाकळी अलगद सुटली आणि खाली आली.

‘‘उजवी!’’ गुरव म्हणाला. बाबा रडले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. मग उपरण्याने तोंड पुसून म्हणाले, ‘‘लाव ताका फोन. मी सोडलंय म्हणान सांगतंय.’’

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता. तो भावाचा नव्हता.

‘‘भाऊ कामात आसत. कोण तुमी?’’

‘‘ताचो बापूस.’’

‘‘जरा थांबा हां, विचारतंय.’’

बाबा फोन कानाला धरून देवळात उभे राहिले.