कोल्हारला, रूथच्या घरच्या उपकारस्तुतीला

खरं सांगते, जायचं मनात नव्हतं. थंडीत गुडघे बोलतात, एसटीत कंबर बोलते, आणि मी स्वतः हल्ली कुणाशी फारसं बोलत नाही. पण कोल्हारहून रूथचा फोन आला. तिच्या नवऱ्याला, शमुवेलभाऊजींना, अर्धांगवायूचा झटका आला होता. ते दवाखान्यातून घरी आले म्हणून तिने घरच्या घरी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना, ठेवली होती. "बाहेरचं कुणी न्हाई. तू, एस्तेर आन् मी. प्रार्थना तूच करायची बघ, तुझ्यासारखी कुणाला येती?"

इथेच तर गोम होती. नगरला बोर्डिंगात आम्ही तिघी एका खोलीत राहायचो, तेव्हापासून प्रार्थना म्हटली की मीच. मी सुरू झाले की ताटातला भात गार व्हायचा, असं एस्तेर अजून म्हणते. पण आमचे हे गेले आणि तेव्हापासून माझी प्रार्थनाच बंद पडली. डोळे मिटते, 'हे बापा' म्हणते, पुढे कोरडं ठाक. चर्चमध्ये कुणी सांगितलंच, तर चार पाठ वाक्यं म्हणून वेळ मारून नेते. रूथसमोर ते कसं चालणार? तिला लगेच कळलं असतं. तरी पिशवी भरली, कारण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

तुम्हाला जायचं असेल तर पुण्याहून दौंडमार्गे काष्टी धरा. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, तेवढंच सुख. सध्या उसाचा हंगाम आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर डुलत जातात, त्यामुळे वेळेचा हिशोब घरीच ठेवून निघा.

काष्टीला एस्तेर पिशवी घेऊन उभीच होती. तिची सगळी नोकरी तिथल्या शाळेत झाली, आता बोलणंही पक्कं काष्टीचं झालंय.

"सलाम गं बाई! लई वाळलीस की."

"माझ्या वाटचं तू खातेस ना!"

"व्हय, म्हनून तर हाय अशी."

एवढं बोलून ती जी गप्प झाली ती श्रीगोंदा मागे पडलं तरी गप्पच. एस्तेर आणि गप्प! मागच्या सीटवर दोघांचं चाललं होतं, "तोडीला टोळी आली का रं?" "आली, पन मानसं कमी हायेत." एरवी एस्तेरने वळून त्यांच्यातही तोंड घातलं असतं. मी मात्र दमले होते, तिला काही विचारलं नाही.

नगरच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. मिसळ झकास, पण खायची चूक करू नका, कारण पुढे मनमाड रस्ता आहे. मी तरुण होते तेव्हापासून हा रस्ता दुरुस्तच होतोय. कोल्हारला उतरलो तेव्हा कोणतं हाड कुठं आहे ते चाचपून बघावं लागलं.

रूथने दारातच मिठी मारली आणि सोडेचना. आत भाऊजी खाटेवर होते. उजवा हात उशीवर ठेवलेला, अर्ध्या तोंडाने हसले. गावरान कोंबडीचा रस्सा, बाजरीची भाकरी, नाताळच्या उरलेल्या करंज्या असं जेवण झालं. मग चहा घेऊन खाटेशी गोल करून बसलो. भाऊजींच्या आवडीचं भजन म्हटलं, निम्म्या ओळी विसरलो. आणि रूथ माझ्याकडे बघायला लागली.

"आज साखळी करू या," मी घाईने म्हणाले.

साखळी प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी हात धरून गोल बसायचं आणि एकीमागून एकीने प्रार्थना करायची. जिला करायची नसेल तिने गुपचूप शेजारणीचा हात दाबायचा, की पाळी पुढे गेली. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. मी डोळे मिटले, जरा थांबले आणि एस्तेरचा हात दाबला. सुटले बाई!

आता एस्तेर सुरू करेल म्हणून थांबले. ती काही बोलेना. आणि एकाएकी माझा दुसरा हात दाबला गेला. तो रूथच्या हातात होता. पाळी गोल फिरून पुन्हा माझ्याच दारात!

डोळे उघडले तर दोघी टकामका बघतायत.

"एस्तेर, तू नाही केलीस?"

"मला वाटलं रूथ करंल. तिच्या घरची उपकारस्तुती हाय."

"मी कुठून करू गं?" रूथचा आवाज फुटला. "रोज ह्यांना उचलते, पुसते, भरवते. उपकार मानायला बसलं की नुसतं रडू येतं. म्हनून तर हिला बोलावलं."

"माजं तर लई दिस झालं बंद हाय," एस्तेर म्हणाली. "पोरगी सासर सोडून आली तवापासनं. तुमाला सांगायची लाज वाटली. म्हनाल, एस्तेरचा इश्वास गेला."

मग मीही सांगितलं. तेवढ्यात खाटेवरून खर्र खर्र आवाज आला. आम्ही घाबरून उठलो, तर भाऊजी हसत होते! पोट हलवून हलवून, अर्ध्या तोंडाने. मग आम्हीही सुटलो. हसता हसता केव्हा रडायला लागलो ते कळलं नाही. जीभ वळत नव्हती तरी भाऊजींनी जोर लावून म्हटलं, "आ...मेन."

"घ्या," रूथ डोळे पुसत म्हणाली, "झाली उपकारस्तुती."

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने तेच हाल सोसत घरी आले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. शब्द अजून येत नाहीत, आणि रात्री घर खायला उठतं ते उठतंच.

पण रविवारी चर्चमध्ये पाळकांनी मला प्रार्थनेसाठी पुढे बोलावलं, तेव्हा पाठ वाक्यं म्हणवेनात. मी म्हणाले, "माझ्याने होत नाही. हे गेल्यापासून होत नाही. कुणीतरी माझ्यासाठी करा." शरमेने जागेवर परत निघाले. मग मागच्या बाकावरून एका बाईने सुरुवात केली. तिला सवय नसावी, वाक्यावाक्याला अडखळत होती. पण माझं नाव ती पुन्हा पुन्हा घेत होती.