भालाईत मागे घेतले तेव्हा

आज काही सुचेना, म्हणून जुना कॉम्प्युटर चालू केला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी मनाने शहापूरच्या जुन्या सायबर कॅफेत जाऊन पोचलो. शेजारी शेणवे गावचा माझा मित्र विलास. दुसऱ्या दिवशी तो फौजेच्या ट्रेनिंगला निघणार होता, म्हणून जाण्याआधी कॉम्प्युटर गेममधली एक लढाई खेळायला आम्ही बसलो होतो.

समोर शत्रूचे हत्ती होते. माझा डाव नेहमीचाच: भालाईत पुढे ढकलायचे, हत्ती त्यांना तुडवण्यात गुंतले की बाजूने घोडदळ घालायचं. विलासने एकदम माझा हात धरला.

"त्यांना मागं घे."

"अरे, ते मेले तरी आपून जिंकतो!"

"नाय रे. घे मागं."

त्याने माझा हात सोडलाच नाही. मी चिडूनच भालाईत मागे घेतले आणि आम्ही हरलो. तो मात्र मोकळेपणी हसला आणि एसटी गाठायला निघून गेला.

तेव्हा मला फक्त हरल्याचा राग आला होता. आता विलास सीमेवर आहे. काल तिकडे गोळीबार झाल्याची बातमी आली. सकाळपासून त्याचा फोन लागत नाही, आणि मी घरभर येरझाऱ्या घालत पुन्हा पुन्हा तोच नंबर लावतोय.