बिनपायऱ्यांचं घर

माझ्या मुलीला बालाघाटच्या एका बँकेत नोकरी लागली. मध्य प्रदेशातल्या लालबर्र्यात आमच्या गल्लीत त्या दिवशी पेढे वाटले. तिच्या बाबांचं रस्त्यावर सायकलच्या सामानाचं दुकान आहे. तिथं ट्यूब घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर त्यांनी आधी पेढा ठेवला, मग ट्यूब. संध्याकाळी पाहुणे गेले आणि आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत बसलो. लालबर्र्याहून बालाघाटला रोज जाणंयेणं तिला जमण्यासारखं नव्हतं. बसची पहिली पायरी केवढी उंच असते, हे चालणाऱ्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना सिवनी रस्त्यावर तिची स्कूटी रेतीवरून घसरली होती. मणक्याला मार लागला. नागपूरला ऑपरेशन झालं, पण कमरेखालची ताकद परत आली नाही. पलंगावर पडून तिनं अभ्यास केला, चाकांच्या खुर्चीत बसून परीक्षा दिल्या. त्या खुर्चीला ती ‘गाडी’ म्हणते. ‘आई, माझी गाडी इकडं कर.’ आम्हीही तेच म्हणायला लागलो.

आमच्या भाड्याच्या घराला समोर ओटा होता आणि ओट्याला पायऱ्या. बाहेर जायचं झालं की बाबा तिला दोन्ही हातांवर उचलून खाली आणत, मी मागून गाडी उतरवत असे. उचललेली असताना ती कधी त्यांच्या तोंडाकडे पाहायची नाही. मान वळवून रस्त्याकडे पाहत राहायची, जणू हे सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललं आहे. बाबांची कंबर दुखू लागली होती. ते कबूल करत नव्हते, पण रात्री कुशीवर वळताना त्यांचा श्वास अडकलेला मला कळायचा.

मग आम्ही बालाघाटात घर शोधायला लागलो. आधी वाटलं, भाड्यानं घ्यावं. पण एकाही घरमालकाला दारासमोर उतार चालत नव्हता. एक जण म्हणाले, ‘उतार केला तं घराची शोभाच जाते नं, मॅडम.’ एक जण मनानं फार चांगले होते. म्हणाले, ‘चिंता मत करो दीदी, हम मोहल्लेवाले उठा लेंगे बिटिया को.’ मुलगी खुर्चीत बसून हे ऐकत होती.

मग विकतच घ्यायचं ठरवलं, गावाकडचा प्लॉट विकला, थोडं कर्ज घ्यायची तयारी केली. पण विकाऊ घरंही तशीच. आमच्याकडे घर बांधायचं म्हणजे पहिलं काम जोतं उंच उचलायचं. पाणी शिरू नये हे कारण तर खरंच, पण शेजाऱ्यापेक्षा दोन बोटं वर असावं हेही असतं. जितकं नवं घर तितक्या जास्त पायऱ्या. काही घरं तर मी रस्त्यावरूनच पाहून परत आले, कडी वाजवायचेही कष्ट घेतले नाहीत.

मी जवळच्या खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. एके दुपारी मुलांची जेवणाची पंगत चालू होती, मी वरणाची बादली कुठवर आली ते पाहत उभी होते, आणि दलालाचा फोन आला.

‘मॅडम, एक घर हाय. पन तुमाले दाखवाले मलेच लाज वाटते.’

‘काहून?’

‘कोनी घेऊनच नाही राह्यलं. रस्त्याच्या बरोबरीनं हाय ते. ओटाच नाही त्याले. लोक बाहेरूनच पाह्यते न म्हनते, बरसातमें डूब जाएगा.’

मी बादली विसरले. ‘ओटा नाही म्हणजे? पायरी एकही नाही?’

‘एकही नाही.’

‘मले पाहाचं हाय.’

‘चाबी मालकिनीजवळ हाय, नागपूरला. थ्या पुढच्या हप्त्यात येते. पन गोंदियाचा एक जन तिथं गोदाम करतो म्हनून राह्यला. त्याले आज उत्तर पाह्यजे.’

मी मालकिणीचा नंबर घेतला. शाळेच्या मागं कडुनिंबाखाली जाऊन फोन लावला. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, बारीक पण ठाम. मी नाव-गाव सांगितलं आणि सरळ विचारलं, ‘घराले पायरी नाही, हे खरं हाय का?’

‘हौ. मी काही लपवत नाही, बाई. पायरी नाही. अन पाहाले गेलं तं पानी एक-दोन वेळा आतही आलं होतं. मंग दारापुढं आडवी नाली खोदून वरून लोखंडी जाळी बसवली. आता नाही येत सहसा. पश्चिमेची खोली उन्हाळ्यात भट्टीवानी तापते. हेही सांगून ठेवते.’

‘अन उंबरठा?’

‘उंबरठाही नाही. कोनत्याच दाराले नाही.’

‘दारं केवढी रुंद हायेत?’

ती हळू आवाजात म्हणाली, ‘तुमच्या घरी कोन हाय?’

‘माझी पोरगी.’

‘माझे मालक होते,’ ती म्हणाली. ‘लहानपनचा पोलिओ. कचेरीसमोर टायपिंग करत. हातानं चालवाची तीनचाकी होती त्यायची. थे तीनचाकीसकट पलंगापावतर आले पाह्यजे, असं घर आम्ही बांधलं. मिस्त्री हासत होता आमाले.’

मी म्हटलं, ‘ताई, तुमच्या घराले माझा हौ समजा. दलालानं जो भाव सांगितला तो मले मान्य हाय.’

‘अवो, पाहून तं घ्या!’

‘पाहीन मी. पन आज त्या गोदामवाल्याले नाही म्हना.’

‘म्हनते,’ ती म्हणाली. ‘गोदामासाठी नव्हतंच बांधलं ते.’

परत आले तेव्हा मुलांची पंगत उठली होती. मी आयुष्यात चप्पलसुद्धा दोन दुकानं फिरल्याशिवाय घेतलेली नाही.

घरी सांगितलं तेव्हा बाबा पाणी पीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला. ‘न पाहता?’

‘न पाहता.’

‘भिंती कशा हायेत? छत? मोहल्ला कसा हाय? बाजूले कोन राह्यते?’

‘मले नाही माहीत.’

‘तुले माहीत काय हाय मंग?’

‘पायरी नाही, उंबरठा नाही, दारं रुंद हायेत.’

त्यांनी तांब्या पुन्हा उचलला. मला वाटलं, मुलगी तरी खूश होईल. ती खिडकीपाशी होती. तिनं गाडी वळवली आणि म्हणाली, ‘आई, मुझसे पूछा तूने?’

मी काही बोलायच्या आत ती पुढं बोलली, ‘राहणार मी. नोकरी माझी. कर्जाचा हप्ता पण माझ्याच पगारातून जाणार. आणि घर तू फोनवर पक्कं करून आली. सगळे माझ्यासाठीच सगळं करते, पण मले कोणी विचारत नाही. उठाना है तो उठा लेते हैं, घर लेना है तो ले लेते हैं.’

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, ‘मालकीण आली की आपण तिघं पाहाले जाऊ. तू नाही म्हटलं तं मी फोन करून नाही म्हणते. कोणी काही बोललं तं बोलू दे.’

‘सच्ची?’

‘सच्ची.’

‘ठीक हाय. आधी मी आत जाईन. तुम्ही दोघं बाहेर थांबायचं.’

त्या आठवड्यात नातेवाइकांचे फोन सुरूच होते. माझा भाऊ वारासिवनीला असतो, राइस मिलमध्ये कामाला. तो म्हणाला, ‘बाई, तू तं वकिलासारखी एकेक वस्तू पारखत होती, तुले झालं काय?’ मी हसून वेळ मारून नेली. त्या बाईचा आवाज मला खरा वाटला होता, आणि माझ्याजवळ तेवढंच होतं.

ठरलेल्या दिवशी आम्ही ओळखीच्या ऑटोनं बालाघाटला गेलो. गल्ली जुनी, दोन्हीकडे उंच ओट्यांची घरं, आणि त्यांच्यामध्ये ते घर खाली बसल्यासारखं. रंग उडालेला, समोर पेरूचं झाड, पत्र्याचं फाटक. मला स्वतःला ते मुळीच आवडलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मालकीण दारात उभी होती. लहानखुरी, पांढरे केस घट्ट बांधलेले, नागपूरहून कालच आलेली. तिनं आमच्याकडे नाही, मुलीकडे पाहिलं. ‘ये बेटा,’ म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली. मदतीला हात पुढं केला नाही.

मुलगी जाळीवरून गेली, चाकांचा खडखड आवाज झाला, आणि मग काहीच आवाज झाला नाही. चाक दाराला घासलं नाही, काही अडलं नाही. ती सरळ आत गेली. बाबा फाटकात उभे होते. त्यांचे दोन्ही हात सवयीनं पुढं आलेले, कोपरात वाकलेले. ते तसेच राहिले. मग त्यांनी ते हळूच खाली घेतले आणि खिशात घातले.

आतून तिचा आवाज येत होता. ‘ये स्विच तो नीचे है!’ मग काही वेळानं, ‘पीछे भी आँगन है!’ मग बराच वेळ काहीच नाही. मला राहवेना. मी दारापाशी गेले. मालकिणीनं मला हातानंच थांबवलं.

मागच्या बाजूनं एक दार बंद झाल्याचा आवाज आला, आणि मग आतून कडी लागल्याचा.

ते न्हाणीघराचं दार होतं. अपघात झाल्यापासून माझ्या मुलीनं न्हाणीघराचं दार स्वतः लावलं नव्हतं. आमच्या घरी गाडी तिथं मावायची नाही, दार अर्धं उघडं राहायचं, आणि बाहेर पाठमोरी मी उभी असायची. दोघींनी कधी त्यावर शब्द काढला नव्हता. मी मालकिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘भिंतीले दांडा हाय. धरून बसता येते. आमच्या मालकायनं सांगून लावून घेतला होता.’

मी पेरूच्या झाडाकडे गेले आणि तोंडावरून पदर फिरवला.

मुलगी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता, केसांवर पाण्याचे थेंब. ‘आई,’ ती म्हणाली, ‘अंदर आ. चाय पियेगी?’

स्वयंपाकघरात मालकिणीनं एक शेगडी आणि थोडी भांडी ठेवली होती. स्वयंपाकाचा ओटा इतका खाली की मला वाकल्याशिवाय हात टेकता येईना. खाली पोकळ जागा, गुडघे आत जातील अशी. मुलीनं गाडी तिथं लावली आणि आधण ठेवलं. मालकीण सांगत होती, ‘सकाळचा चहा तेच करत. मी मातर जन्मभर स्टुलावर बसून पोळ्या लाटल्या.’ बाबांनी भिंती ठोकून पाहिल्या, छताकडे पाहिलं, एका कोपऱ्यात ओल दिसली तिथं बोट लावून पाहिलं. मग त्यांच्या हातात कप आला. चहात साखर फार झाली होती. ते म्हणाले, ‘भिंत मजबूत हाय.’

मुलीनं मालकिणीला विचारलं, ‘आजी, आप क्यों बेच रहे हो?’

‘पोरगा नागपूरला हाय, मी एकटी इथं काय करू? भाड्यानं देऊन पाह्यलं. लोक आले की पह्यले उंबरठे बसवाचं म्हनत.’ ती हसली. ‘तू नको बसवू.’

‘नहीं बैठाऊँगी,’ मुलगी म्हणाली. आमच्या घराचा सौदा पक्का झाला तो तेव्हा.

बुद्धपौर्णिमेला आम्ही राहायला गेलो. पश्चिमेची खोली खरंच भट्टी होती. तिथं मी आणि बाबा झोपतो, कूलर लावून. स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची सवय व्हायला मला बराच काळ लागला, आणि पाठीनं कुरकूर करायची ती केलीच. भर पावसाळ्यात एकदा गल्लीचं पाणी जाळीपर्यंत आलं, जाळीखालून गुरगुरत निघून गेलं, थोडं आतही आलं. आम्ही तिघांनी मिळून ते बाहेर लोटलं. मुलीच्या हातात वायपर होता, आणि ती गाडी चालवता चालवता आम्हालाच हुकूम सोडत होती. बाबा दुकानासाठी रोज लालबर्र्याला जातात-येतात, मीही शाळेसाठी त्याच बसनं. ते म्हणतात, बसमध्ये झोप चांगली लागते.

मालकिणीचा फोन येतो अधूनमधून. ती माझ्याशी दोन शब्द बोलते आणि मग म्हणते, ‘दे तिले.’ त्या दोघी काय बोलतात मला माहीत नाही. मुलगी फोन घेऊन मागच्या अंगणात जाते.

मागच्या रविवारी बँकेतल्या मैत्रिणी तिला न्यायला आल्या. कुठंतरी वैनगंगेकडे जाणार होत्या. मी विचारलं, ‘संगं कोन कोन हाय? येशीन कधी?’

‘आई!’ एवढंच ती म्हणाली, आणि फाटकातून बाहेर पडली. तिच्या मागून एक मैत्रीण जवळजवळ धावतच गेली.

घर एकदम रिकामं झालं. बाबा पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते. मी म्हटलं, ‘चला, आपणही जाऊ कुठं.’

‘कुठं?’

ते काही मलाही सुचेना. इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे कुठंच गेलो नव्हतो. शेवटी चालत चालत बाजारात गेलो. एका ठेल्यावर गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खायला उभे राहिलो. ठेलेवाला एकेक पुरी फोडून पाण्यात बुडवून हातातल्या द्रोणात टाकत होता. बाबांनी तिखट पाणी मागितलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेनात. त्यांची टोपी मागं सरकली होती. मी त्यांना म्हटलं, ‘पुरे आता, रात्री त्रास होईन.’

‘होऊ दे,’ ते म्हणाले, आणि द्रोण पुन्हा पुढं केला.