सुलाबाईच्या खांबाचं भोक

सुलाबाईला पैल्यांदा बघितलं तवा मला वाटलं, ही बया करणी करती! रोज सकाळी चारी सागवानी खांबांवर टकटक वाजवायची आन् कान लावून उभी ऱ्हायची. मी समोरच्या माझ्या ओट्यावरनं लिंबू-बिब्बं हुडकत बसायची. आता आठवलं की हसून पोट दुखतंय. अवं, आतनं वाळवी लागली का, ते ऐकायची ती!

तिचं बांगड्यांचं दुकान पेठेत सगळ्यात जुनं. वर माडी, तिथंच तिचं बिऱ्हाड. माडीचा सगळा भार त्या चार खांबांवर. शटर न्हाई, मधल्या गाळ्याला आडव्या फळ्या खांबांच्या खाचंत सरकवायच्या, झालं दुकान बंद.

चौऱ्याण्णवला रस्ता रुंद करायचं निघालं. नगरपालिकेच्या साहेबानं दुकानात चार फूट आत लाल रेघ मारली. "लाकूड धड असेल तर सोमवारपर्यंत दर्शनी भाग मागे घ्या. नाहीतर माडीसकट पाडू." म्हंजी माडीला टेकू देऊन तेच खांब मागं रोवायचं.

तिचा नवरा लखनौला, सोनं गाळायच्या दुकानात. फोनवर म्हणाला, "पाडू दे. स्लॅब टाकू."

शनवारी गुंडा सुतार आला. रस्त्यावरनंच खांब वाजवलं. तिसऱ्यापाशी थांबला. "पोकळ हाय, वैनी. ह्यावर माडी ठिवली तर मानसं मरतील."

"न्हाई रं. रोज वाजवते मी."

"सुतार मी का तुमी?"

गेला निघून. ती खांबाला टेकून बसली ती उठंना. म्या भाकरी नेली, तशीच माघारी आणली. म्हनलं, "नवऱ्याला तरी कवा आशी मिठी मारलीस का गं?" एरवी शिव्या घातल्या असत्या. आज खांबाला आनखी घट्ट बिलगली. तवा मला भ्या वाटलं.

ऐतवारी म्याच गुंडाला धरून आणला. त्याला बघून सुलाबाई उठली, दुकान बंद कराय शेवटची फळी उचलली. तिचं टोक तिसऱ्या खांबात वीतभर आत गेलं, मग दुसरं टोक समोरच्या खाचंत बसलं. फळी हातात धरून ती थांबली.

"गुंडा! हितली खाच दुप्पट खोल हाय. त्याबिगर फळीच बसत न्हाई. तू खाचंवर वाजवलंस. आतल्या अंगानं वाजीव."

त्यानं वाजवलं. ठणठणीत! तरी खात्री करायला गिरमिटानं खांबाला भोक पाडलं. तांबूस, कोरडा भुसा पडला, वाळवीचा मागमूस न्हाई.

"चला, टेकू लावतो," म्हणत गुंडा निघाला.

"आदी भोक बुजीव. वाळवीला तेवढं दार पुरतं."

"बोटाएवढं तर हाय, वैनी! मागनं बुजवू."

"तू पाडलंस, तूच बुजव. आत्ता."

"आवं, उद्या सोमवार!"

"म्हणूनच म्हणते, बोलत बसू नगंस."

गुंडा खाली बसला आन् सागाची खुंटी तासाय लागला.