दुसऱ्या बेसचे साडेसात इंच

देवावर शंका घेणारी माणसं पुष्कळ भेटतात, पण देवळाचा कळस ओळंब्यात आहे की नाही अशी शंका घेणारा भाविक मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. म्हणजे माझे मामेसासरे. सरकारी मोजणीदार म्हणून जिल्ह्यातल्या निम्म्या जमिनींवरून त्यांनी साखळी ओढली आणि निवृत्त झाल्यावर संगमनेरात छोटं घर बांधून राहिले. नोकरीत ज्याचा कागद उघडावा तो थोडा तरी खोटा निघायचा, ज्याचा बांध मोजावा तो हातभर तरी शेजाऱ्यात सरकलेला असायचा. त्यामुळे जग मुळात सरळ असतं या अफवेवर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. दुकानातून आणलेले शेंगदाणे घरच्या तराजूवर पुन्हा चढतात. वजन कमी भरलं तर मामा शांत असतात, कारण ते अपेक्षितच असतं. बरोबर भरलं की मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडते. "आज बराबर दिलं म्हंजी काल मारलं आसंल," असं म्हणून ते कालची पुडी शोधायला लागतात. घरात तीन घड्याळं आहेत, कारण एकट्या घड्याळावर सोडून कसं चालेल? तिन्ही तीन वेळा दाखवतात आणि आपलं म्हणणं सिद्ध झाल्याच्या आनंदात मामा चहा मागतात. रक्तदाब ठीक आहे असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे ते पुन्हा जात नाहीत.

माझ्या लग्नाच्या बोलणीत सगळ्यांनी माझा पगार विचारला, मामांनी उंची विचारली. पाच फूट सात इंच, असं पत्रिकेवर लिहिलंच होतं. त्यांनी मला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, खिशातून टेप काढला आणि भर बैठकीत जाहीर केलं, "साडेसा भरतोय. आर्दा इंच कुटं गेला?" लग्न झालं, मुलं झाली, पण त्या अर्ध्या इंचाची फाईल अजून बंद झालेली नाही. मी काहीही ठामपणे सांगायला लागलो की मामा माझ्या डोक्याच्या वरच्या रिकाम्या जागेकडे पाहतात.

अशा माणसाच्या घरात बेसबॉल शिरला तो त्यांच्या नातीमुळे. वैशूचे आईवडील पुणतांब्याला शेती करतात आणि ती आठवीपासून शाळेसाठी आजी-आजोबांकडे संगमनेरात राहते. शाळेच्या मैदानावर ती चेंडूला काहीतरी करते एवढं घरात ठाऊक होतं. पण एके दिवशी एका क्रीडा वसतिगृहाचं पत्र आलं. बेसबॉलसाठी तिची निवड झाली होती, दोन वर्षं तिकडेच राहून शिकायचं होतं आणि पंधरा दिवसांत होकार कळवायचा होता. आईवडिलांनी फोनवर सांगून टाकलं, "आजोबा म्हनतील तसं." वैशूचा चेहरा पडला. आजोबांनी चौकशीशिवाय आजवर पोस्टमनलाही आत घेतलेलं नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? मामांनी पत्र उजेडात धरून शिक्का तपासला, उलटं करून पाहिलं आणि मला फोन केला. "जावईबापू, या. ह्यो ख्योळ काय भानगड हाय ते आदी बगू. मग पोरीचं बगू."

मामी आतून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ख्योळाचं निमित हाय. पोरगी गेली तर ह्यांना शंका घ्यायला घरात हाय कोन? माज्यावर घिऊन घिऊन कटाळलेत." मामांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकलं नसल्याचं दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसायला लागलो. मांडीवर त्यांची लांबोडकी वही. मी मोबाईलवर पाहून नियम सांगायचे आणि मामांनी त्यात खोट काढायची, असा अभ्यासक्रम होता. नऊ-नऊ जणी, मधे चेंडू फेकणारी, समोर दांडा घेतलेली, हे त्यांनी मान्य केलं. पण तिनं चेंडू मारला आणि दांडा तिथंच टाकून पळत सुटली तेव्हा ते खुर्चीतून उठले. "हत्यार टाकून पळाली?" मी सांगितलं की पळायचंच असतं, बेस म्हणजे जमिनीवर बसवलेल्या त्या चौकोनी पांढऱ्या पिशव्या, पहिला बेस, दुसरा, तिसरा आणि परत घरी, म्हणजे दांडा घेऊन उभी होती तिथं, की एक धाव. "म्हंजी सगळा आटापिटा करून जिथनं निगाली तिथंच आली." यात तक्रार होती की तत्त्वज्ञान, ते मला कळलं नाही. तीन चेंडू चुकले की बाद हे त्यांना न्याय्य वाटलं. पण चार चेंडू वाकडे पडले तर दांडेवालीला काहीही न करता पहिला बेस मिळतो म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. "नुसती हुबी ऱ्हायली आन् जागा मिळाली. आमच्या गायरानात आशाच जागा मिळाल्यात लोकांना." फेकणारीचं लक्ष नसताना पुढचा बेस चोरता येतो हे तर मी दोन दिवस सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत लिहिलं, "चोरी चालते. टाळ्या पडतात."

खरी शंका त्यांना खुणांची आली. चेंडू फेकण्याआधी दांडेवालीच्या मागे बसलेली मुलगी गुडघ्यांमधे बोटं दाखवते. बाहेर उभ्या असलेल्या, खेळ शिकवणाऱ्या मॅडम टोपीला हात लावतात, मग कानाला, मग कोपराला. मामांचा आवाज खाली आला. "ह्यांचं काहीतरी ठरलंय." मी म्हटलं, ठरलेलंच असतं, त्याला संकेत म्हणतात. "आमच्याकडं बी म्हनायचे. तलाठी कान खाजवायचा." मग तीन संध्याकाळ त्यांनी खेळ पाहिलाच नाही, नुसते मॅडमचे हात पाहिले. चौथ्या दिवशी ते मॅडमसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, टोपी म्हंजी थांबा, कान म्हंजी पळा, कोपर नुसतं फसवायला. तुमच्या खुना फुटल्यात. बदला." मॅडम आधी हसल्या, मग वही पाहिली, आणि त्या संध्याकाळी खरंच सगळ्या खुणा बदलल्या. वैशू मात्र दुसऱ्या बेसपाशी उभी राहून आमच्याकडे पाठ करून होती. तिची जागा तीच. पंधरापैकी आठ दिवस संपले होते आणि आजोबांनी होकाराचा ह काढला नव्हता.

नवव्या दिवशी मामांनी मॅडमना हातानं लिहिलेली नोटीस दिली. "उद्या सकाळी सात वाजता सदर मैदानाची मोजणी करण्यात येईल. तरी संबंधितांनी हजर राहावे." मोजणीआधी लगतच्या मालकांना कळवलंच पाहिजे, नाहीतर उद्या कोणीही येऊन हरकत घेतो. आम्ही सातला पोचलो. त्यांनी जुनी पांढरी टोपी घातली होती आणि हातात नोकरीतला शंभर फुटी टेप होता. फितीचं एक टोक माझ्याकडे आलं. खेळाडू मुली रांगेत उभ्या राहून पाहत होत्या आणि वैशू त्यांच्या मागे लपली होती.

घरापासून पहिल्या बेसच्या बाहेरच्या कडेपर्यंत नव्वद फूट. बरोबर. तिसरा बेसही बरोबर. मामांच्या कपाळाला आठी पडायला सुरुवात झाली. मग पहिल्याच्या रेघेपासून दुसऱ्या बेसच्या बाहेरच्या कडेपर्यंत फीत ताणली आणि मामा एका गुडघ्यावर बसले. पुन्हा ताणली. मला टोक घट्ट धरायला सांगून तिसऱ्यांदा ताणली. मग उठले, तेव्हा इतका समाधानी चेहरा मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. "नव्वद फूट साडेसा..." ते थांबले, पुन्हा वाकले, "साडेसात इंच. तिकडनं बी तेवडंच. आर्दी पिशवी हद्दीच्या भाईर हाय. आतिक्रमन." आणि नातीकडे बोट दाखवून, "आन् आमच्या पोरीला तिथंच हुबी केलीय."

 मॅडमनी आपल्या बॅगेतून नियमाचं पुस्तक काढून मैदानाचा नकाशा उघडला. नकाशा म्हटल्यावर मामांनी चष्मा बदलला. पहिला आणि तिसरा बेस नव्वद फुटी चौकोनाच्या आत, पण दुसऱ्या बेसचा मध्य बरोबर कोपऱ्यावर, त्यामुळे पंधरा इंची पिशवी निम्मी बाहेर. तसंच बसवायचं, असा नियमच. मामांनी नकाशावर बोट फिरवलं, छापलेल्या आकड्यांची बेरीज केली, आणि पुन्हा त्या पांढऱ्या पिशवीकडे वळले. मला वाटलं आता पुस्तक छापणाऱ्यावर शंका घेतील. पण ते मॅडमना म्हणाले, "तुमी साडेसात इंच बराबर भाईर टाकलंय. ना आट, ना सात." मॅडम म्हणाल्या, "रोज मोजूनच लावतो, काका. बेस रोज काढतात, रोज लावतात." मामांनी वहीत लिहिलं, "नियमित केलेले अतिक्रमण," आणि खाली सही केली. घरी येताना रस्त्यात एवढंच बोलले, "ह्या ख्योळात चोरी हाय, खुना हायेत, आतिक्रमन हाय, पर जे हाय ते लिवून ठिवलंय. जाऊ द्या पोरीला." मागून सायकलवर येणाऱ्या वैशूनं ते ऐकलं आणि सायकल तिथंच आडवी टाकून ती आजोबांना बिलगली. त्यांनी तिला दूर केलं नाही, फक्त सायकलचं स्टँड नीट लावायला सांगितलं.

ती गेली त्या दिवशी बसस्टँडवर मामांनी तिच्या पिशवीत आपला शंभर फुटी टेप ठेवला. त्या टेपला मामींनीही कधी हात लावलेला नव्हता. "बेस रोज लावत्यात म्हंजी रोज हालू शकत्यात. रोज मोजायचं आन् सातला फोन करायचा." वैशूनं मान डोलावली. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते पाटीवरचं गाव बरोबर होतं ना, हे मला तीनदा विचारत होते.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. तिन्ही घड्याळांत आपापल्या सवडीनं सात वाजले आणि फोन आला. मामी तवा उतरवून दारात येऊन उभ्या राहिल्या. मामांनी फोनचा आवाज मोठा केला आणि वही उघडली.

"आजोबा, मोजलं. सगळं नव्वद."

"दुसऱ्या बेसची भाईरची कड?"

"ती पण बरोबर नव्वद. आजोबा, आज मी दोन जणींना बाद केलं. आणि इथली भाजी फार पांचट असते. आजीला सांगा."

मामांनी वहीत ९० लिहिलं. मग भाजीचं, गुडघ्याला खरचटल्याचं, खोलीतल्या मैत्रिणीच्या घोरण्याचं, सगळं ऐकून घेतलं. फोन बंद झाल्यावर मला राहवलं नाही. "मामा, दुसऱ्या बेसला साडेसात इंच जास्त भरायला हवेत. नव्वद कसे भरतील?"

"न्हाई भरनार."

"म्हणजे ती मोजतच नाही."

"पैल्या दिवसापास्नं न्हाई मोजत," मामा म्हणाले आणि पेनचं टोपण लावलं.

मी वहीची मागची पानं उलटली. प्रत्येक तारखेपुढे ९०, ९०, ९०. ज्यांनी कधी कोणाच्या धाकानं किंवा भिडेनं एक इंच इकडचा तिकडे लिहिला नाही, त्यांच्या अक्षरात पानंच्या पानं खोटे आकडे.  "मग तिला विचारत का नाही?"

"इचारलं तर उद्यापास्नं खरं मोजंल, का फोनच करायचा बंद करंल? ह्याची खात्री मला कोन देनार?" त्यांनी बाहेर अंधारत चाललेल्या रस्त्याकडे पाहिलं. तिची सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि तिच्यावर जुनी चादर घातलेली होती.

मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मोजणीला साक्षीदाराची सही लागते. मी त्या ९०च्या शेजारी सही केली, आणि त्यांनी ती न तपासता वही मिटली.