माझ्या वडिलांचं ‘हाय’

पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवत होते. आमच्या विभागाचा प्रमुख पुण्याचा होता. मुलाखतीतच माझ्या गावाचं नाव वाचून त्यानं विचारलं होतं, “वडूज? तिकडे इंग्रजी पोचलं वाटतं!” मला नोकरी हवी होती, म्हणून मी हसले. त्यानं माझ्या गावाला हिणवलं होतं, हे मात्र मी तेव्हाच मनात ठेवलं.

आमची वस्ती वडूजच्या पूर्वेला, माळावर. वडिलांची निम्मी हयात मेंढरांमागं गेली, आता थोडी ज्वारी करतात. थंडीच्या दिवसांत ते न कळवता एसटीनं पाचगणीला आले. खांद्यावर घोंगडं आणि हातात हुरड्याची पिशवी. माझा तास चालू होता. खिडकीतून ते दिसले, म्हणून मी बाहेर आले. तेवढ्यात ऑफिसच्या पायरीवर त्यांना विभागप्रमुख भेटला. त्याच्यासोबत आणखी दोन शिक्षक होते.

वडिलांनी हात जोडले. “रामराम सायेब. मी हितल्या म्याडमचा बाप हाय.”

त्यानं हात हलवला. “हाय! हाय!”

वडिलांना वाटलं, साहेबाला ऐकू आलं नसावं. ते जरा मोठ्यानं म्हणाले, “व्हय जी, बापच हाय.”

“ओह, हाय अगेन!” तो म्हणाला. दोघे शिक्षक फिदीफिदी हसले. साहेब हसतायत म्हटल्यावर वडीलही हसले. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

मी त्यांना हाताला धरून खोलीवर नेलं. ते खूष होते. “लय मोकळा माणूस हाय गं तुजा सायेब,” म्हणाले. मी स्टोव्ह पेटवला. चहा ठेवला. हुरडा तसाच पिशवीत राहिला आणि दोन दिवसांनी मी तो टाकून दिला.

त्यानंतर मी एका शब्दाच्या मागं लागले. इंग्रजीत ‘असणं’ सांगणारं जे क्रियापद आपण पहिलीपासून पोरांना घोकायला लावतो, ते मुळात एक नाहीच. वाचनालयातला जाडजूड व्युत्पत्तिकोश उघडला तेव्हा कळलं की ते तीन वेगवेगळ्या धातूंचे तुकडे जोडून झालंय. ‘इज’ आणि आपलं ‘असणं’, म्हणजे वडिलांचं ‘हाय’ही, एकाच मुळाचे, संस्कृतातल्या ‘अस्’चे नातलग. ‘बी’ हे ‘भू’चं भावंड, म्हणजे आपल्या ‘होणं’चंही. आणि ‘वॉज’ निघालं ‘वस्’च्या घराण्यातून. वस्, म्हणजे राहणं, मुक्काम करणं. आमच्या माळावरच्या घरांना आम्ही वस्ती म्हणतो, तो शब्दही तिथलाच. ते वाचून मला आनंद झाला नाही. मी आणखी चिडले. ज्या शब्दावर तो हसला होता, त्याचं गोत त्याच्या लाडक्या भाषेच्या मुळाशीच होतं, आणि विभागप्रमुख असून त्याला याचा पत्ता नव्हता.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी त्याला हे सांगितलं. आवाज न चढवता, कोश पुढ्यात ठेवून. त्यानं पानावरून नजर फिरवली.

“इंटरेस्टिंग,” म्हणाला. “पण मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता.”

स्नेहसंमेलनाला पालक आले होते, गाड्यांनी मैदान भरलं होतं. भाषणाला तो उभा राहिला आणि मला माझीच वाक्यं ऐकू यायला लागली. अस्, भू, वस्. मग म्हणाला, “आमच्या एका शिक्षिकेचे वडील, साधा मेंढपाळ माणूस, मला भेटले. ‘मी हाय’ म्हणाले. मी त्यांना मिठी मारली. म्हटलं, बाबा, तुमचं हाय आणि इंग्रजांचं इज एकच!” टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

मी मागच्या रांगेत उठून उभी राहिले. “सर, तुम्ही मिठी मारली नव्हती. तुम्ही त्यांची टिंगल केली होती.”

माइकशिवाय बोलले, तरी स्टेजपर्यंत ऐकू गेलं असावं. माना वळल्या. तो हसून म्हणाला, “मॅडम जरा भावनिक झाल्यात,” आणि बक्षिसांकडे वळला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. माफी मागा, विषय संपेल, म्हणाल्या. मी म्हटलं, आधी त्यांनी माझ्या वडिलांची मागावी. वर्ष संपलं आणि पुढच्या वर्षाचं नेमणूकपत्र आलंच नाही.

घरी सगळं सांगितलं. वडील घोंगडं झटकून अंथरायला लागले. मला वाटलं, आता तरी त्यांना राग येईल.

“मिठी मारली म्हनला तर मारली. आपलं काय गेलं?” ते म्हणाले. “येवढ्या एका हायपायी नोकरी घालवलीस व्हय गं?”

“आवं, तुमच्यावर हसला तो!”

“मग हसू दे की. मला न्हाई लागलं, तुला का लागलं?”

मी उठून आत गेले. त्या दिवशी मी त्यांच्याशीही बोलले नाही. ते शांत होते, याचाही मला राग आला होता.

आता मी मिरजेत नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवते. गेल्या वर्षी सांगलीत एका प्रशिक्षणाला गेले, तर व्याख्याता म्हणून तोच. चहाच्या वेळी मुद्दाम माझ्याकडे आला, हात पुढे केला.

“झालं गेलं. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही.”

“माझ्या मनात आहे,” मी म्हटलं.

त्यानं तो हात बिस्किटांच्या ताटलीकडे नेला. दुपारचं सत्र त्याचंच होतं. मी पर्स उचलली आणि मिरजेची बस पकडली.