तुरिद आणि मधली नदी

पार उत्तरेकडच्या वाड्सो गावात तुरिदला सगळे ओळखत. गावातल्या एकुलत्या एका फोटोच्या दुकानात ती सतरा वर्षं होती. पासपोर्टचे फोटो, लग्नातले फोटो, मे महिन्यात चर्चमध्ये दीक्षा घेणाऱ्या पोरापोरींचे फोटो, सगळे तीच काढायची आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत तीच धुवायची. "हनुवटी जरा वर. माझ्याकडे बघा. हलू नका," हे दिवसातून पन्नासदा म्हणून म्हणून तिच्या तोंडात बसलं होतं.

आणि गावाला हेही माहीत होतं की तुरिद भित्री. घरातून निघाल्यावर शेगडी बघायला परत जाणार. मुलींना शिंक आली की थर्मामीटर काढणार. लहानपणी काही घडलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. कुणाचे डोळे घारे असतात, तशी तिच्या छातीत धडधड होती.

नवरा ओड्वार नेमका उलट. दर ऑगस्टला तो सगळ्या घराला घेऊन दक्षिणेच्या पठारावर जायचा. दोन दिवसांची चाल, मग तळं, मासे आणि पिवळी रानफळं. वाटेत एक नदी लागायची. मांडीएवढं पाणी, पूल नाही. तुरिद दरवर्षी अलीकडच्या काठावर कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून सगळ्यांचे फोटो काढायची आणि शेवटी ओड्वार परत येऊन तिला हाताला धरून न्यायचा. ती डोळे मिटून जायची.

"आमच्या अल्बममध्ये तू कुठेच नाहीस," सासू मार्गित म्हणायची. "बघणाऱ्याला वाटेल, ओड्वार विधुर आहे."

"आई, फोटो कुणीतरी काढायला नको का?"

"काढ बाई, काढ. कॅमेऱ्यामागे लपलं की अस्वलाला दिसत नाही म्हणे."

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. नदीवर पोचले तेव्हा दुपार होती. ऊन होतं, पण लांब डोंगरांवर काळं भरून आलं होतं. तुरिदने ते दोनदा दाखवलं.

"तिकडे पडतोय, इकडे नाही," ओड्वार म्हणाला आणि पँट काढून पाण्यात शिरला. पहिल्या फेरीत तंबू, शिधा आणि अंथरुणं गेली. दुसऱ्या फेरीत आठ वर्षांची लिव त्याच्या खांद्यावर आणि चौदाची सिग्ने त्याचा सदरा धरून. औषधांची पिशवी मात्र तुरिदने दिली नाही. ती कायम तिच्याच पाठीला असायची, दुसऱ्यावर तिचा भरवसा नव्हता.

तिसऱ्या फेरीला मार्गित. वय एकाहत्तर, पण मदत म्हटली की राग. "मी या नद्या तू पोटात होतास तेव्हापासून ओलांडतेय," ती म्हणाली. मध्याच्या जरा पुढे तिचा पाय निसटला. ओड्वारने वळून तिला कमरेला कवटाळलं, त्याचा गुडघा दोन दगडांत अडकला आणि दोघंही कलले. तुरिदचं बोट बटणावर होतं. ते दाबलं गेलं. त्यानंतर ती किंचाळली.

दोघं कसेबसे काठाला लागले. मार्गित नखशिखांत भिजली होती. ओड्वार उठायला गेला आणि तसाच खाली बसला.

तुरिदने कॅमेऱ्याला लांबचं दाखवणारं भिंग लावलं. भिंगातून नवऱ्याचा गुडघा दिसला, भाकरीच्या गोळ्यासारखा सुजलेला. म्हातारीचे ओठ जांभळे झाले होते. सिग्ने तंबूच्या काठ्या उलट्यासुलट्या जोडत होती आणि लिव भोकाड पसरून रडत होती. आवाज मात्र एकही येत नव्हता. नदी सगळं गिळत होती. 'माणसं पडत होती आणि मी फोटो काढला,' या विचाराने तिने कॅमेऱ्यावरून डोळा काढला.

ओड्वार तिला हाताने खुणावत होता, तिथेच थांब. त्याच्या शेजारी म्हातारी हात हलवत होती, ये.

तुरिद काठावर फेऱ्या घालू लागली. थांबायचं तर कशाच्या जिवावर? तिच्याकडे ना तंबू, ना भाकरीचा तुकडा. पूल दीड दिवसाच्या वाटेवर. आणि पोचले तेव्हा कोरडा असलेला एक लांबट दगड आता निम्मा बुडाला होता. तिने घड्याळ लावून पाहिलं. दहा मिनिटांत पाणी बोटभर चढलं. वरचा पाऊस खाली पोचत होता. आत्ता नाही, तर तीन दिवस नाही. चिलटं डोळ्यांत जात होती, ती तिने हाकललीही नाहीत.

मग तिच्या ध्यानात आलं की ही नदी तिला पाठ आहे. अकरा वर्षं तिने ती चौकटीत धरून पाहिली होती. पाणी कुठे सुरकुततं, म्हणजे तळ वर आहे. कुठे काळं, गुळगुळीत होतं, म्हणजे खड्डा. ओड्वार दरवर्षी पांढऱ्या दगडाच्या वरच्या अंगाने शिरायचा आणि समोरच्या वाकड्या झुडपाकडे तिरका निघायचा. फक्त मिटलेल्या डोळ्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

तिने रीळ गुंडाळून काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं आणि लोकरी टोपीखाली खुपसलं. कॅमेरा पाठपिशवीत कोंबला. मोजे काढले, नुसते बूट घातले. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडला, पडलीच तर पिशवी सुटावी म्हणून. तिकाटण्याचे पाय मिटले आणि त्याची काठी केली.

पाणी घोट्याला लागलं तसा श्वास अडकला. गुडघ्यावर आलं तसे दात वाजू लागले. ती सुरकुत्यांवरून गेली, एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल. मध्यावर पाणी मांडीच्या वर चढलं, ओड्वार गेला तेव्हापेक्षा वीतभर जास्त. पायाखालचा गोटा फिरला. ती थबकली, आणि मग पुढचा पाय हलेचना. मागेही जाता येईना.

तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "हनुवटी वर! माझ्याकडे बघा! हलू नका!" मग स्वतःवरच खेकसली, "अगं, हल! हल की मेले!" आणि समोरच्या झुडपावर डोळे रोवून, रडत, ओरडत, प्रत्येक पावलाला हनुवटी वर म्हणत ती चालत राहिली. शेवटच्या चार पावलांना सिग्ने गुडघ्याएवढ्या पाण्यात पुढे आली आणि तिने आईची बाही पकडली.

काठावर येताच तुरिदने कुणाला मिठी मारली नाही. ती सिग्नेवर तडकली, "पाण्यात कशाला आलीस?" मग ओड्वारवर, "आई ओलीच आहे अजून? तुझा गुडघा गेलाय, जीभ नाही ना गेली? पोरींना सांगता येत नव्हतं?"

"तू मध्ये होतीस," ओड्वार म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "दुसरीकडे कसं बघू?"

तिने सासूचे कपडे उतरवले, तिला दोन अंथरुणांत गुंडाळलं, तंबू उभा केला, गुडघ्याला करकचून पट्टी बांधली, कॉफीची किटली चढवली. सगळं झाल्यावर मात्र ती नुसती नदीकडे बघत बसली, समोरच्या कपाला हातही लावला नाही. म्हातारीने तो आपल्या हाताने तिच्या ओठांना लावला.

"काय गं, नदीचा पासपोर्टचा फोटो काढत होतीस का?"

तुरिद हसली, आणि मग तिला पुन्हा रडू फुटलं.

पाऊस दोन दिवस पडला. तुरिद दर तासाला पाणी बघून यायची. तिसऱ्या दिवशी रेनडिअर पाळणारा एक जण रानवाटेवर चालणाऱ्या आपल्या उघड्या चारचाकीवरून हरवलेली जनावरं शोधत आला. त्याने ओड्वारला मागे बसवलं आणि वरच्या उथळ जागेवरून एकेकाला पार केलं.

गावी रीळ धुताना तो फोटो कागदावर उमटला. तुरिदला वाटलं, फाडून टाकावा. पण मार्गित दुकानात आली आणि तिने तो उचलून उजेडात धरला.

"हा मला दे."

"आई, तू पडतेयस त्यात!"

"पडतेय ते दिसतंय मला. पण दहा वर्षांचा झाल्यापासून यानं मला असं धरलं नव्हतं."

ओड्वारच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. हिवाळाभर तो लंगडत होता. तुरिदची धडधड काही गेली नाही. शेगडी बघायला ती अजूनही परत जायची. उन्हाळ्यात तिने जाहीर केलं की जायचं तर पुलाच्या वाटेने, दीड दिवस जास्त चालावं लागलं तरी बेहत्तर. ओड्वार काही बोलायच्या आत म्हातारी म्हणाली, "ती सांगते तसंच."

ऑगस्टमध्ये ते पुलावर पोचले. लाकडी, अरुंद, जरासा डुलणारा पूल. तुरिदने कॅमेरा काढून सिग्नेच्या गळ्यात घातला, सगळ्यांना थांबायला सांगितलं, आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून आधी स्वतः निघाली.